चार चाकांची खांदशेकणी

आक्षेप आला की त्याचं निराकरण करायचं, ही खोड मला नोकरीनं लावली. एकतीस वर्षं मी वर्ध्याला जिल्हा परिषदेत टेबलामागे बसून लोकांच्या अर्जांत त्रुटी काढतो आहे. समोरच्यानं त्रुटी दूर केली की फाईल पुढं सरकवायची, एवढं सरळ माझं आयुष्य. घरातली माणसं म्हणजे फाईल नव्हे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे आमच्या हिनं, भावनानं, सांगितलं असेल. पण तिचं सगळं तोंडी असतं, लेखी काहीच नसतं.

झालं असं की, पोळ्याला तीन आठवडे असताना मी बाबांना म्हटलं, "बाबा, यंदा पोळ्याले गावाकडे जाऊ. आपल्या गाडीनं."

माझे बाबा म्हणजे पिंपळझरीचे अण्णाजी, वय एक्क्याऐंशी. वर्ध्यालगतच्या सिंदी मेघेतल्या आमच्या घराच्या वरांड्यात खाटेवर बसले होते. त्यांनी फाटकापाशी उभ्या असलेल्या गाडीकडे नजर टाकली.

"त्या गाडीनं? चाकं पाह्यले काय तिचे? अशा चाकाईनं गावात गेलो त लोकं म्हनतीन, अण्णाजीले पोरानं भंगारात घालून आनलं. मी नाई येत."

आता खरं कारण चाकं नव्हती, हे शेंबडं पोरही सांगेल. खरं कारण मीच होतो. चैत्रात बाबा विहिरीच्या काठावर घसरले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. ते दवाखान्यात असताना मी त्यांची बैलजोडी आर्वीच्या बाजारात नेऊन विकून टाकली. मोऱ्या आणि चांद्या. न विचारता. करणार काय? वावर मक्त्यानं दिलेलं, गोठ्यात चारा टाकायला माणूस नाही, आणि डॉक्टर म्हणाले, आता शेती विसरा. सगळं अगदी नियमात बसत होतं. बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर मी मोकळा झालो असतो. ते नुसतं म्हणाले, "बरं केलं." आणि त्या दिवसापासून गप्प झाले. जेवायला हाक मारली तर येत, चहा दिला तर पीत, बाकी दिवसभर गप्प.

अण्णाजी गप्प, ही केवढी आफत आहे हे कळायला तुम्हाला आमच्या गावचा पोळा माहीत पाहिजे. मारुतीच्या देवळासमोर आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. सजवलेल्या जोड्या त्याखाली रांगेनं उभ्या राहतात आणि तोरण तुटायच्या आधी एकेक शेतकरी झडती म्हणतो. झडती म्हणजे चार-सहा जुळवलेल्या ओळींची टर, आणि शेवटी सगळ्या गावानं महादेवाचा गजर करायचा. बाकीचे लोक बापजाद्यांच्या पाठ झडत्या म्हणत. बाबा दरसाल ताजी करत आणि कोणाला तरी सोलून काढत. एका तलाठ्यावर त्यांनी अशी झडती केली की त्यानं स्वतःहून बदली मागून घेतली. सरपंचावर केली तर सरपंच पुढच्या साली म्हणाला, "अण्णाजी, यंदा मले काऊन सोडलं? माह्याकडून काही चुकलं काय?" आजूबाजूच्या चार गावांचे लोक आपला पोळा लवकर उरकून आमच्याकडे झडती ऐकायला येत. मी पोरसवदा होतो तेव्हा बैलांच्या अंगावरच्या झुलीखाली शिरून ते ऐकायचो. गेरूचा, ताज्या वार्निशचा आणि बैलांच्या अंगाचा तो वास अजून माझ्या नाकात आहे. मंत्रालयात गेलो तरी जात नाही.

पण नियम असा की, ज्याची जोडी तोरणाखाली, त्याचीच झडती. बैल नसलेल्यानं कडेला उभं राहून ऐकायचं. म्हणजे हिशेब साफ होता. मी बैल विकले नव्हते, बापाची वाचा विकली होती. बाबा एकदा गावात गेले, जुन्या माणसांत बसले, तर कुठंतरी काहीतरी सुटेल अशी माझी वेडी आशा. आणि त्यांनी तर चाकांवर बोट ठेवलं. मी कारकुनी डोक्यानं लगेच नोंद केली : आक्षेप क्रमांक एक, चाकं. निराकरण करावे.

गाडी माझी दुसऱ्या हाताची. पहिल्या मालकानं हौसेनं तिला अलॉयची चाकं बसवली होती. मी घेतली तेव्हा त्यांत तोंड पाहून भांग पाडता येत होता. नंतर ब्रेकची काळी भुकटी, कपाशीच्या वावरातला चिखल आणि माझा आळस यांचे थरावर थर चढले. आता ती चाकं म्हणजे न घासलेली पातेली दिसत.

"पातेल्यासारखे दिसतात ना? मंग पातेल्यासारखेच घासा," भावना म्हणाली. तिनं चिंचेचा कोळ, मीठ आणि चाळलेली राख असं वाटीभर कालवून दिलं. "याच्यानं माह्या माहेरचा हंडा असा लखलखते, का पाहुने हंड्यातच पाहून टोपी नीट करतात."

मी पुढचं उजवं चाक घासलं. तासभर. हंडा पितळेचा असतो आणि चाक पितळेचं नसतं, हा बारकावा दोघांच्याही लक्षात आला नाही. चाकावर पिवळट डाग उमटले. वरचा पारदर्शक थर अर्धा सोलून निघाला, अर्धा हट्टानं चिकटून राहिला. भावना म्हणाली की कोळ चांगला होता, माझ्या हाताला गुण नाही.

मग मी नळाला पाइप लावला आणि आमच्या नगराचे अध्यक्ष नत्थूजी फाटकाशी प्रकट झाले. नत्थूजी शेजारच्याच घरात राहतात. कुठल्याशा खात्यातून निवृत्त झाले, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालं नाही.

"कैलासराव, नळाच्या पान्यानं वाहन धुन्यास बंदी आहे. ठराव क्रमांक अकरा."

"धूत नाहीये हो. चाकं उजळतोय."

"मग अर्ज द्या."

आता बघा, एकतीस वर्षं मी जे वाक्य लोकांच्या तोंडावर फेकलं, ते असं माझ्याच फाटकात, लुंगीवर, हाताला राख लागलेली असताना मला ऐकावं लागलं. कसं वाटतं ते पहिल्यांदाच कळलं. मी तोऱ्यात अर्ज लिहिला. इतका नमुनेदार अर्ज की आमच्या विभागात लॅमिनेट करून लावला असता. दुसऱ्या दिवशी तो परत आला. त्रुटी : चाकांची संख्या नमूद नाही.

"चार!" मी म्हटलं. "गाडीला किती असतात?"

"स्टेपनी धरून पाच की स्टेपनी वगळून चार?" नत्थूजी शांतपणे म्हणाले.

मी मनातल्या मनात त्या माणसाला हात जोडले. ही त्रुटी मलाही सुचली नसती. मग सुधारित अर्ज, मग दोन्हीकडच्या शेजाऱ्यांची ना-हरकत, त्यातले एक शेजारी स्वतः नत्थूजीच. ते म्हणाले, अध्यक्ष म्हणून माझी हरकत नाही, शेजारी म्हणून विचार करून सांगतो. चार दिवस गेले. शेवटी परवानगी मिळाली : दर चाकी दोन बादल्या, स्टेपनी वगळून.

समोरच्या रुपेशला हे सगळं फार मागासलेलं वाटलं. रुपेश तिशीचा, बँकेत असतो, आणि जगातली प्रत्येक गोष्ट त्यानं मोबाईलवर होताना पाहिलेली असते. "काका, चाकं काढल्याशिवाय कायचं होते? काढा, पालथे घाला, अन् संडासाचं ॲसिड मारा. पाच मिनिटांत चांदी. मी व्हिडिओ पाह्यला ना."

"तो व्हिडिओ चाकांचाच होता ना रे?"

"फरशीचा होता. पन मळ त मळच होय ना काका."

या युक्तिवादात मला त्या क्षणी खोट दिसली नाही. आम्ही जॅक लावून एकेक चाक काढलं आणि गाडी विटांवर बसवली. ॲसिड ओतलं. चाकं फसफसली, रुपेश "पाहा, मळ निघून राह्यला" म्हणाला, आणि फेस खाली बसला तेव्हा चारही चाकं तव्याच्या बुडासारखी काळी पडलेली होती. रुपेशनं मोबाईलमध्ये डोकं घातलं आणि त्याला बँकेतून फोन आला असं सांगून तो गेला. रविवार होता.

दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे लोक भेटायला येऊ लागले. विटांवर बसलेली गाडी पाहून सगळ्या नगरानं समजून घेतलं की चाकं चोरीला गेली. मागच्या गल्लीतल्या देवकाबाई तर आल्या त्या तोंडाला पदर लावूनच. "चोट्टायचं वाटोळं होईन बाई," म्हणत बसल्या, चहा घेतला, आपल्या भाच्याच्या मोटरसायकलची चोरी सविस्तर सांगितली. भावनानं खरं काय ते सांगितल्यावर त्या माझ्याकडे बघून आणखीच हळहळल्या. "सोताच काढले? मंग त काही इलाजच नाई."

पोळ्याला आठ दिवस उरले होते. चाकं काळी, गाडी विटांवर, माझी बोटं सोललेली. ऑफिसात कोणी विचारलं की मी हात टेबलाखाली घेई. भावना म्हणाली, "भाड्याची गाडी करून जाऊ." पण मला माहीत होतं, भाड्याच्या गाडीला बाबा दुसरा आक्षेप काढतील आणि मग पोळा होऊन जाईल. यंदाचा पोळा गेला की पुढच्या पोळ्यापर्यंत हा माणूस असाच खाटेवर बसून राहील. आणि एक्क्याऐंशीच्या माणसाला पुढचा पोळा कोणी लिहून दिलाय? 

मी हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिश पेपर आणला आणि ओल्या पेपरानं काळं चाक खराखरा घासत बसलो. वर-खाली, आडवं-तिडवं, जसा राग येईल तसं. वरांड्यातून आवाज आला.

"उलटा घासून राह्यला."

मी थांबलो. चार महिन्यांत बाबांनी स्वतःहून काढलेला तो पहिला शब्द होता.

"काय म्हनलं बाबा?"

"उलटा घासून राह्यला म्हनलं. शिंग असं घासत असतात काय? बुडापासून शेंड्याकडे हात गेला पाह्यजे. एकाच अंगानं. मांगं आनाचा नाई." ते काठी टेकत उठले. "चाक खाली ठेवलं काऊन? पोतं टाक. अन् मले पिढा दे."

मी पिढा दिला, पोतं अंथरलं. बाबा बसले, चाकावरून त्यांनी तळहात फिरवला, अंगठ्यानं एकेक काडी चाचपली. माझ्या लहानपणी पोळ्याआधी ते बैलाच्या शिंगांवरून असाच हात फिरवत; मग काचेच्या तुकड्यानं शिंगं साळत, जवसाचं तेल जिरवत, आणि बैल डोळे मिटून उभा राही. मी कंदिलाची काच पुसल्यासारखा तोंडाची वाफ घालून शिंग पुसायचो, आणि ते म्हणायचे, "थुंका नको लावू बे, त्याले राग येते." ते दिवस असे अचानक अंगणात येऊन बसले.

"जाड कागद आधी, मंग बारीक. पानी धरत राह्य," बाबा म्हणाले. "अन् चाकाले ओलांडून जाऊ नको."

"चाकाले ओलांडलं तर काय होते बाबा?"

"मले नाई आवडत."

रोज ऑफिसातून आलो की तासभर उजेड असेपर्यंत आमचं काम चाले. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून. मी घासायचो, बाबा हात धरून दाखवायचे. आणि हळूहळू त्यांचं तोंड सुटलं. त्यांनी चाकांना बाजू ठरवून दिल्या. उजव्या अंगाचं चाक डाव्या अंगाला लावायचं नाही, जोडी बिघडते. पुढचं उजवं मोऱ्या, पुढचं डावं चांद्या. मागची दोन चाकं म्हणजे माझ्या जन्माआधीची जोडी, सर्ज्या आणि टिकल्या. सर्ज्या मारका होता, पण माझ्या आजीला पाहिलं की मान खाली घाली. टिकल्यानं पुराच्या वर्षी आमची बैलबंडी एकट्याच्या जोरावर नाल्यातून काढली होती आणि बंडीत माझी आई होती, नवी नवरी. या गोष्टी मी पूर्वी ऐकल्या नव्हत्या. म्हणजे त्यांनी सांगितल्या असतील, मी परीक्षेचा अभ्यास करत असेन.

बारीक कागद झाला, मग पितळ उजळायचं पॉलिश, मग बाबांच्या जुन्या धोतराचा तुकडा. मोऱ्या पहिल्यांदा उजळला. त्यात मला माझं तोंड दिसलं, आणि शेजारी बाबांचं. नत्थूजी कुंपणावरून पाहत होते. म्हणाले, "झालं हो कैलासराव. सुरेख झालं. बादल्या मात्र जास्त गेल्या."

पोळ्याच्या आदल्या दिवशी चाकं बसवायला काढली आणि बाबा म्हणाले, "थांब. आज खांदशेकनी हाय."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे शेकतात. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेले असतात, त्यावर गरम तूप-हळद चोळायची आणि म्हणायचं, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' हे माझ्याही अंगात इतकं मुरलेलं आहे की मला त्यात काही वावगं वाटलंच नाही. मी भावनाकडून वाटीभर तूप-हळद कोमट करून आणलं.

बाबा विटांवरच्या गाडीखाली वाकून बघत होते. "हिचा खांदा कोनता? भार कुठं पडते?"

आता मला गाडीतलं काय कळतं? पण बाप विचारतोय आणि आपण 'माहीत नाही' म्हणायचं, हे एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी केलेलं नाही. चाकामागे एक गोल लोखंडी ताटली दिसत होती, घासून घासून गुळगुळीत झालेली. "हाच होय," मी छातीठोक सांगितलं. "याच्यावरच सगळं घासते."

"घट्टेच पडले बिचारीले," बाबा म्हणाले. पळसाचं पान तुपात बुडवून त्यांनी ती ताटली मायेनं चोपडली. मग दुसरी. मागच्या बाजूला तशी ताटली नव्हती, म्हणून तिथं जे हाती लागलं ते चोपडलं. मी वाटी धरून मागं मागं. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," दोघंही म्हणालो. मग चाकं बसवली, आपापल्या बाजूला, आणि मी बाबांना विचारलं, "मंग उद्या येता ना गावाले?"

त्यांनी तुपाची बोटं धोतराला पुसली. "जाऊन येऊ," म्हणाले. "पन मी कडेलेच उभा राहीन. जोडी नाई त तोरनाखाली काय काम?"

पोळ्याच्या दिवशी दुपारी आम्ही निघालो. बाबांनी पांढरी टोपी घातली होती. भावना मागं पुरणपोळीचे डबे धरून बसली. मी ऐटीत गाडी फाटकाबाहेर काढली. आमच्या फाटकापासून रस्त्याला जरा उतार आहे. मी ब्रेक दाबला. गाडीनं तो मनावर घेतला नाही. मी पुन्हा दाबला, उभा राहून दाबला, आणि गाडी अतिशय सभ्यपणे, बैल पाण्यावर जातो तशा चालीनं, नत्थूजींच्या कुंपणाकडे निघाली. तिथं अकरा कुंड्या होत्या. सातवीला टेकून थांबली.

नत्थूजी बाहेर आले. मला वाटलं, आता ठराव क्रमांक बारा. पण ते नाक वर करून हवेत हुंगत होते. "कैलासराव, तुमच्या गाडीतून शिऱ्याचा वास येतो हो."

चौकातला मेकॅनिक धम्मदीप आला. त्यानं पुढचं चाक काढलं, ताटलीवर बोट फिरवलं, बोटाला लागलेलं पिवळं पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"काका, ब्रेकले तूप कोनी लावलं?"

"खांदशेकनी केली," बाबा शांतपणे म्हणाले.

धम्मदीप बिचारा चांगल्या घरचा पोरगा. हसू दाबताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण म्हाताऱ्या माणसापुढं तो एक अवाक्षर बोलला नाही. "हो जी आबाजी. पन हे जागा सोडून करत जा जी," एवढंच म्हणाला. चारही चाकं काढून, पेट्रोलनं पुसून, ब्रेकच्या पट्ट्या बदलून गाडी जागेवर आणेपर्यंत साडेतीन वाजले. मला माझी एवढी लाज कधी वाटली नव्हती. आणि पोळा सुटत चालला होता.

आर्वी मागं टाकली. पुढं गावाच्या अलीकडे नाला लागतो, तिथं बाबा म्हणाले, "थांबव." मी घड्याळ पाहिलं. "बाबा, उशीर झाला." "बैल धुतल्याबिगर गावात नेत नसतात." मग मी पँट दुमडून नाल्याच्या पाण्यानं चारही चाकं धुतली आणि बाबांनी आपल्या नव्या उपरण्यानं ती पुसली.

देवळासमोर पोचलो तेव्हा पोळा भरलेला होता. पूर्वी चाळीस जोड्या असत. आता मोजून सहा, आणि त्यांच्यामागं फुलं लावलेले ट्रॅक्टर. गाडी पाहून लोक बाजूला झाले आणि नकळत मी थेट तोरणाच्या तोंडाशी येऊन थांबलो. तरुण सरपंच राकेश धावत आला.

"काका, गाडी मांगं घ्या. ट्रॅक्टरले परवानगी हाय, ते शेतीचं होय. कारले नाई. मीटिंगमध्ये ठरलं."

मी खिशाला हात लावला. सवयीनं. अर्ज नव्हता. बाबांनी दार उघडलं, काठी टेकली आणि कडेच्या माणसांत जाऊन उभे राहायला निघाले.  इतकं घासून शेवटी हा माणूस कडेलाच चालला होता.

तेवढ्यात कवडूकाका पुढं आले. बाबांच्या वयाचे, बांधाला बांध असलेले शेजारी. त्यांच्या हातात त्यांची जोडी होती. ते वाकले, आमच्या गाडीच्या चाकापाशी त्यांनी नाक नेलं. पेट्रोलनंही तुपाचा वास पुरता गेला नव्हता.

"अण्णाजी, हिची खांदशेकनी केली काय बे तू?"

"केली."

"तुपानं?"

"मंग काय डालड्यानं करीन?"

कवडूकाका सरळ झाले आणि सरपंचाकडे वळले. "राकेश, तुह्या ट्रॅक्टरची काल खांदशेकनी केली होती?"

"ट्रॅक्टरची कोन करते आबा?"

"मंग ज्याची खांदशेकनी झाली तो तोरनाखाली, अन् ज्याची नाई झाली तो बाहेर. हे मीटिंगच्या आधीचं ठरलेलं हाय. आपल्या आज्याच्या आधीचं. सांग, गाडी काढू का ट्रॅक्टर काढू?"

राकेशनं गर्दीकडं पाहिलं. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "झडती होऊ द्या अण्णाजीची!" मग सगळेच ओरडले. पोरीबाळी ओट्यांवर चढल्या. बाबा तिथंच थबकले होते. मी जाऊन त्यांचा हात धरला आणि गाडीपाशी आणलं. त्यांनी एक हात टपावर ठेवला, घसा साफ केला, आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेवरून मला कळलं की आज सोलून निघणार तो मीच.

"पोरगा माहा सायब झाला, वर्ध्याले जाऊन बसला,
बाप पडला दवाखान्यात, यानं बैल नेऊन इकला!"

 चार महिने जे खाटेवर नुसतं बसून होतं ते असं भर चौकात आलं. मी मान खाली घातली.

"चिंच लावली, राख लावली, लावलं संडासाचं पानी,
चाकं झाले काळेशार, कपायाले हात लावे रानी!"

भावना हसता हसता डबे सांभाळत होती. सगळा चौक खदखदत होता.

"तूप चोपडलं ब्रेकाले, म्हने खांदा हाच गा,
कागदातला शाहना, अन् गाडीमंधी बावळा!"

लोक एकमेकांच्या अंगावर पडत होते. माझ्या पदाची, छप्पन्न वर्षांच्या वयाची, सगळी सगळी अब्रू त्या देवळासमोर सांडली होती, आणि मला पुन्हा झुलीखाली शिरावंसं वाटत होतं. मग बाबांचा आवाज खाली आला.

"मोऱ्या गेला, चांद्या गेला, सुना झाला गोठा,
चाकं घासता घासता माहा पोरगा झाला मोठा!
हर बोला..."

"हर हर महादेव!" गाव गरजलं. मी नाही गरजलो. 

"ओरड ना बे," कवडूकाकांनी मला कोपर मारलं. "तुह्याच बापाची झडती होय."

बाबांनी माझ्याकडे बघत पुन्हा "हर बोला" म्हटलं, आणि मी ओरडलो. आवाज पार फाटला. तोरण तुटलं, बैल उधळले, पोरं त्यांच्यामागं धावली, धुरळा झाला. बाबा गाडीत येऊन बसले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "चाल, चालू कर. पोळा फुटल्यावर कोनी उभं राह्यते काय?"

मला किल्ली कुठं घालायची तेच दिसत नव्हतं.